खाडीच्या मधोमध रोडगे

"पानी कोनं सोडलं? कोनाच्या ऑर्डरनं सोडलं?"

आमचे सासरे होडीच्या टोकावर उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की समोरच्या वाळूवर बसलेले बगळे उठले ते थेट गोव्याच्या हद्दीत जाऊन बसले. सासऱ्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. धरणाचं पाणी कुठल्या पाटाला कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं हे त्यांच्या हाताखालून जायचं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्याला न विचारता पाणी हलू शकतं, ही गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही. घरच्या नळाला पाणी आलं तरी आधी ते त्याच्याकडं संशयानं पाहतात. आणि इथं, मालवणकडच्या एका खाडीत, सकाळी ज्या पाण्यावर आमची होडी नवरदेवाच्या घोडीसारखी ठुमकत होती, ते पाणी आमच्या डोळ्यांदेखत कुठं तरी निघून गेलं होतं. होडी वाळूवर कुशीला कलून बसली होती. आणि होडीचा मालक, म्हणजे आम्हाला मासे पकडायला शिकवणारा गाईड, तोंड उघडं टाकून झोपला होता.

हे सगळं एका जेवणामुळं झालं. पण जेवणाच्या आधी साडू आला, म्हणून त्याच्यापासून सांगतो.

माझा साडू अकोल्याचा. धंदा काढणं हा त्याचा धंदा. त्यानं इमू पाळले, तर एक इमू पळून गेला आणि त्याच्या मागं धावता धावता साडू मूर्तिजापूरपर्यंत पोचला, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे बोरगावपर्यंतच. त्यानं अळंबी लावली. ती शेडमध्ये उगवली नाही, घराच्या बाथरूममध्ये उगवली. त्याच्या मोठ्या भावाचं अकोल्यात बी-बियाणं अन् कीटकनाशकांचं दुकान आहे, आणि हा भाऊ दर दिवाळीला, सगळ्या घरादारासमोर, तोंडात चकली ठेवून म्हणतो की झालं असेल तर ये आता काउंटरवर. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं बोलावणं म्हणजे काय असतं ते मला साडूच्या कानांवरून कळायचं. ते लाल व्हायचे.

मग त्याला मोबाईलवर मासेमारीचे व्हिडिओ दिसू लागले. शहरातली माणसं होडीत बसतात, एक गाईड त्यांना मासा कुठं आहे ते दाखवतो, ते गळ टाकतात, मासा धरतात, फोटो काढतात आणि मासा परत सोडून देतात. शेवटची गोष्ट ऐकून माझ्या बायकोनं विचारलं, की मंग पकडला कशाले. पण साडूचं डोकं तोवर खूप पुढं गेलेलं होतं. सासुरवाडीची संत्र्याची बाग मोर्शीजवळ, अगदी धरणाच्या फुगवट्याला लागून. पाण्याकडच्या ओळी काढायच्या, तिथं गाड्या लावायला जागा करायची, दोन झोपड्या, एक लाकडी धक्का. नागपूर-अमरावतीचे लोक येतील, साडू त्यांना होडीतून नेईल. हा शेवटचा धंदा, असं त्यानं मला बडनेऱ्याच्या फलाटावर सांगितलं. मामाजीनं, म्हणजे सासऱ्यांनी, हो म्हटलं तर ठीक, नाही तर दिवाळीपासून काउंटर.

मी या प्रकरणात पूर्णपणे तटस्थ होतो. पाण्याकडच्या त्याच ओळींतली संत्री दर हंगामाला पोत्यानं माझ्या घरी येतात, पण त्या मुद्द्याचा इथं काही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र साडूच्या ध्यानात राहिली नाही. बाग सासूबाईंच्या नावावर होती. त्यांच्या वडलांनी दिलेली. हे सगळ्यांना माहीत होतं, साडूलाही. पण जमिनीची गोष्ट म्हणजे सासऱ्यांशी बोलायची, हे आमच्याकडं इतकं पक्कं ठरलेलं आहे, की सातबारा हातात धरूनसुद्धा माणूस सासऱ्यांकडंच तोंड करतो. साडूनं महिनाभर सासऱ्यांची सेवा केली. त्यांना सुपारी कातरून दिली. आणि शेवटी ठरवलं, की मामाजीला प्रत्यक्षच दाखवू. कोकणात हा धंदा खाडीत चालतो. एकदा चांगला गाईड कसा असतो ते त्यांनी पाहिलं, की झालं.

सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून आल्या, कारण दोन जावई आणि एक नवरा परमुलखात जेवतील काय. सोबत कणीक, तूप, वांगी आणि एक पोतं. पोत्यात गोवऱ्या होत्या. रोडगे भाजायचे तर गोवऱ्या पाहिजेत आणि कोकणातल्या गाईंचा त्यांना भरवसा नव्हता. गाडीत शेजारच्या बाईंनी नाक दाबून विचारलं, की पोत्यात काय आहे. सासूबाई म्हणाल्या, औषध आहे. त्या बाई कल्याणपर्यंत काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जिथं उतरलो होतो त्या घराच्या अंगणात धूर उठला. घरमालक बादली घेऊन धावत आला, त्याच्या मागं शेजारी, शेजाऱ्यांच्या मागं त्यांची कुत्री. अंगणात बघतात तर आमच्या सासूबाई पदर खोचून, कणकेचे गोळे निखाऱ्यात परतताहेत. घरमालकानं बादली खाली ठेवली आणि तो तिथंच बसून पाहत राहिला. पहिला रोडगा त्यालाच मिळाला. तो दिवसभर कुठं कामाला गेला नाही, असं नंतर कळलं. आम्ही हा इशारा समजायला पाहिजे होता.

आता गाईड. माणूस पस्तिशीचा, काळा चष्मा, अंगात मासे छापलेला शर्ट, आणि बोलण्यात माझ्या तोडीचा. असा माणूस मला आयुष्यात फार कमी वेळा भेटला आहे, म्हणून मी त्याच्याबद्दल आदरानंच लिहितो. होडी धक्क्यावरून सुटायच्या आत त्यानं सांगितलं, की खाडीतले मासे त्याला चेहऱ्यानं ओळखतात, म्हणून तो चष्मा घालतो. एकदा त्याच्या गळाला तांबोशी लागली, तिनं होडी उलटी ओढत पलीकडच्या गावात नेली, आणि तिथल्या लोकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी म्हटलं, आमच्या धरणात एक मरळ आहे. म्हातारी आहे. ती झोपेत कूस बदलते तेव्हा तीन गावांच्या विहिरींना पाणी येतं. गाईडनं सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी खात्याच्या वतीनं मान हलवली. गाईडनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्यानंतर तो मला 'भाऊ' म्हणू लागला.

खाडी उथळ. मधोमधसुद्धा ठिकठिकाणी कमरेएवढं पाणी, खाली वाळूचे दांडे, कडेनं खारफुटीची झाडं पाण्यात पाय सोडून उभी. गाईडनं होडी एका दांड्याशेजारी नांगरली आणि नियम सांगितला. उथळ पाण्यात माशाला सगळं ऐकू जातं, म्हणून पाय आपटायचा नाही आणि बोलायचं नाही. आता वऱ्हाडी माणसाला बोलू नको म्हणणं सोपं, पण आम्ही खरोखर प्रयत्न केला. आम्ही कुजबुजलो. काठावरून एक बाई ओरडून म्हणाली, की तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

गाईडनं आम्हाला गळ टाकायला शिकवलं. मनगट असं, काठी अशी, आणि सोडायचं. साडूनं सोडलं ते खारफुटीत अडकलं. मी सोडलं ते साडूच्या टोपीत अडकलं. सासऱ्यांनी काठी हातात घेतली, पाण्याकडं पाहिलं आणि विचारलं, की या पाण्याची पातळी कोण मोजतं. गाईड म्हणाला, कोणी नाही. तिथंच सासऱ्यांचा माशांमधला रस संपला. सासूबाईंनी गाईडच्या डब्यातला, गळाला लावायचा प्लास्टिकचा मासा उचलून, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "खोट्या मासोळीले खरी मासोळी काहून खाईन?" साडूनं त्यांना समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि तो मासा परत डब्यात ठेवला, सासरी आलेलं निकृष्ट लुगडं ठेवावं तसा.

मासा काही लागला नाही. गाईडचं म्हणणं, अजून वेळ झाली नाही. पाणी उतरू लागलं की मासा खायला निघतो, तेव्हा आपण होडी खोल पाण्याकडं नेऊ आणि मग पाहा. हे वाक्य त्यानं दोनदा सांगितलं. आमच्यातल्या कोणीच ते समजून घेतलं नाही. पाणी उतरतं म्हणजे पाऊस थांबल्यावर, किंवा गेट उघडल्यावर. एरवी उतरेल कशाला?

साडू सारखा सासऱ्यांच्या कानाशी. बघा मामाजी, गाईडचं लक्ष कसं असतं. बघा मामाजी, गिऱ्हाईकाला कसं धरून ठेवतो. आणि नेमकं त्याच वेळी सासूबाईंनी जेवणाचा डबा उघडला.

गाईड म्हणाला, तो गिऱ्हाईकाबरोबर जेवत नाही, शिवाय घरून जेवून आला आहे. आमच्याकडं नाही म्हणणं म्हणजे जेवणाची सुरुवात असते. नाही म्हटल्यावर अर्धं वाढतात. हात आडवा केला तर हाताच्या वरून वाढतात. ताट उचललं तर ताटाच्या मागं जातात. होडीत तर मागं जायला जागाच नव्हती, एकीकडं खाडी, दुसरीकडं सासूबाई. त्यांनी रोडगा फोडला, त्यात अंगठ्यानं खळगा केला, खळग्यात तूप ओतलं, वर वांग्याची भाजी, आणि ते सगळं एका द्रोणात घालून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"उपाशी मानसाच्या होडीत आमी बसत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या जिवाचा प्रश्न हाय."

गाईड म्हणाला, एकच. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. 'एकच' म्हणणारा माणूस आमच्याकडं तिसऱ्यापर्यंत जातोच. हा चौथ्यापर्यंत गेला. चौथा त्यानं मागून घेतला, असं सासूबाई आजही सांगतात. मी समोर होतो. त्यानं फक्त डब्याकडं पाहिलं, पण कायद्यानं ते मागणंच. मग त्यानं चष्मा काढला. मग टोपी डोळ्यांवर ओढली. म्हणाला, थोडं पडतो. रोडगे आणि तूप आत गेल्यावर आमच्याकडची माणसं बैलगाडीखाली संध्याकाळपर्यंत झोपतात, आणि ती जन्मापासून सवयीची असतात. हा तर भातावर वाढलेला जीव. तो पडला तो असा, की डास त्याच्या अंगावर बसून सुस्तावले.

साडूला काळजी वाटली. त्यानं त्याला हलवायला हात पुढं केला. सासूबाईंनी तो हात वरच्या वर धरला. जेवलेल्या माणसाला उठवत नाहीत, पाप लागतं. आणि त्यांनी आपली शाल त्याच्या अंगावर टाकली.

थोड्या वेळानं होडीच्या पोटाखाली खर्र आवाज आला.

साडू ताठ झाला. त्यानं बोट ओठांवर ठेवलं. म्हणाला, मोठी आहे. पुन्हा खर्र. होडी थोडी हलली. साडूचे डोळे असे झाले, की मला त्याच्या लग्नातसुद्धा तसे दिसले नव्हते. त्यानं काठी घेतली, मी काठी घेतली, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना श्वास रोखून बसलो. होडीखाली एवढा मोठा मासा, की तो पाठ घासत होता. बगळे जवळ येऊन पाहत होते. किती वेळ बसलो सांगता येत नाही, पण आमच्या दोघांच्याही तोंडातून एक शब्द निघाला नाही, हा आमच्या घराण्यातला विक्रम आहे. तोपर्यंत होडी कलू लागली होती. आणि मग सासऱ्यांनी खाली वाकून पाहिलं. त्यांना मासा दिसला नाही. त्यांना खाडी दिसली नाही. वाळू दिसली.

तेव्हा ते ओरडले.

गाईड उठला, त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, शाल अंगावरून काढली आणि खाली उडी मारली. पाणी घोट्याएवढं.

"माका उठवक कित्याक नाय?"

आम्ही तिघांनी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मग आम्ही ढकललं. वाळूत पाय रुतले, माझी एक चप्पल खाडीनं ठेवून घेतली, होडी जागची हलली नाही. गाईडनं समजावून सांगितलं. ओहोटी आहे, पाणी समुद्रात गेलं, संध्याकाळी भरतीला परत येईल, तोवर काही करता येत नाही. सासऱ्यांनी चौकशी सुरू केली. हे रोज होतं का? रोज, दोनदा. कोण करतं? चंद्र. सासऱ्यांनी वर पाहिलं. दुपारची वेळ, चंद्र जागेवर नव्हता. ते म्हणाले, "वाटलंच."

पलीकडच्या खोल पाण्यातून पर्यटकांची एक होडी निघाली होती. त्यातले लोक आमचे फोटो काढू लागले. आपल्याच खाडीत, आपल्याच होडीसकट वाळूवर बसलेला गाईड म्हणजे त्या किनाऱ्यावर पुढची दहा वर्षं सांगण्याची गोष्ट. पण मी म्हटलं ना, माणूस माझ्या तोडीचा. त्यानं चष्मा चढवला, छाती काढली आणि ओरडून सांगितलं, की ही खास सहल आहे, पाहुण्यांना वाळूवर उतरवून जेवण. त्या होडीतल्या एका बाईंनी विचारलं, हे आम्हाला का नाही सांगितलं. आणि ती माणसं, पुण्याकडची असावीत, चपला हातात घेऊन पाण्यातून चालत आमच्याकडं आली.

सासूबाईंनी डबा पुन्हा उघडला. आणलेलं जेवण चौघांचं होतं, म्हणजे आमच्या हिशेबानं पंधरा जणांना पुरण्याएवढं. वाळूवर पंगत बसली. एक गृहस्थ तिखटानं रडत होते आणि पुन्हा वाढा म्हणत होते. सासूबाई वाकून वाकून वाढत होत्या, गाईड तुपाचं भांडं घेऊन मागं, जणू त्यांच्याच घरचा. मला खरं सांगायचं तर तिथं एकच माणूस जेवत नव्हता.

साडू होडीच्या मागच्या टोकाला बसला होता. मी जवळ गेलो, थट्टा करायला तोंडही उघडलं होतं, पण सासरे आधीच तिथं होते. म्हणून मी इंजिनाकडं पाहायचं सोंग घेऊन उभा राहिलो.

"मामाजी," साडू म्हणाला, "हे असं नाही होत रोज. हा चांगला गाईड हाय."

"हाय ना," सासरे म्हणाले.

"मले त्या दुकानात नाही बसाचं. मोठा भाऊ मले सगळ्या गिऱ्हाईकांपुढं 'आमचं लहानगं' म्हनते. माह्या पोरीसमोर म्हनते."

सासरे खाली वाकले. त्यांचं लक्ष वाळूत होतं. त्यांनी खारफुटीची एक वाळकी काटकी पाण्याच्या कडेला रोवली होती आणि तिच्यावर नखानं खुणा केल्या होत्या. सासूबाई मात्र वाढता वाढता थांबल्या. पळीत तूप होतं, ते वाळूत सांडत राहिलं. मग पुण्याच्या त्या गृहस्थांनी द्रोण पुढं केला आणि त्या पुन्हा वाढू लागल्या.

बाकीचा दिवस सासऱ्यांचा. त्यांनी काटकीवरची एक खूण बुडाली की मोठ्यानं जाहीर केलं, दुसरी बुडाली की जाहीर केलं. पुण्याची मंडळी टाळ्या वाजवायची. होडी हलली तेव्हा सासऱ्यांनी हात वर करून सांगितलं, "सोडा," आणि खाडी भरली. नंतर त्यांनी मोर्शीत सगळ्यांना सांगितलं, की समुद्राचं काम शिस्तीत आहे, फक्त नोटीस देत नाहीत.

मासा एकही नाही. गाईडनं उतरताना सासूबाईंच्या पाया पडून गोवऱ्यांचं उरलेलं पोतं मागून घेतलं. काय केलं त्याचं, देव जाणे.

परतीच्या गाडीत साडू खिडकीत बसून होता. मी त्याला मरळीची गोष्ट नव्यानं सांगितली, त्यात आता तालुका बुडत होता, तरी तो हसला नाही.

मोर्शीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत गेलो. साडूला राहवेना. त्यानं मोबाईल काढून सासऱ्यांना पुन्हा सगळं दाखवलं, गाड्या इथं, झोपड्या तिथं, धक्का असा. होडी रुतायचा प्रश्नच नाही, म्हणाला, धरणाचं पाणी रोज कुठं जात नाही. जेवणाचं पण ठेवू, म्हणाला, लोकं जेवणावर पाहा कशी तुटून पडली. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. शेवटी तो नुसता उभा राहिला, मोबाईल हातात धरून. सासऱ्यांनी सवयीनं घसा खाकरला, आणि मग त्यांना बहुतेक आठवलं, की बाग कोणाची आहे. ते बाजूला सरले.

सासूबाई पाण्याकडच्या ओळीत वाकून एका झाडाच्या बुडाशी आळं करत होत्या. साडू पहिल्यांदा त्यांच्याकडं वळला. त्यानं विचारलं, की मामीजी, मंग काय करू मी.

त्या उभ्या राहिल्या, हाताची माती लुगड्याला पुसली.

"झाडं निघत नाही, जवाईबुवा," त्या म्हणाल्या. "ओलिताले मानूस पायजे हाय. दिवाळीच्या आधी या."